मदत हवी आहे: यीस्टला दोन अल्फा ट्युब्युलिन कशाला?

मंडळी, मुंबईत कुणी यीस्टवर काम करतंय का? एमएससीचा सेमिनार आहे, पावाच्या यीस्टमधल्या ट्युब्युलिनवर (पेशीतल्या मायक्रोट्युब्यूल या बारीक नळ्या ज्या प्रथिनाच्या बनतात ते; अल्फा नि बीटा ही त्याची रूपं), आणि एका जागी गाडी अडकलीय. बीटाचं जीन एकच, टब२, पण अल्फाची दोन, टब१ नि टब३. टब१ काढलं तर पेशी मरते, टब३ काढलं तर जगते, फक्त बेनोमिल (मायक्रोट्युब्यूल मोडणारं बुरशीनाशक) सोसत नाही, आणि गंमत म्हणजे टब३च्या जादा कॉपी दिल्या की टब१ नसलं तरी चालतं. मग फरक नुसता प्रमाणाचा, की स्पिंडलमध्ये (विभाजनात गुणसूत्रं ओढणाऱ्या मायक्रोट्युब्यूलच्या जुडग्यात) दोघांची कामंच वेगळी? गॅमा ट्युब्युलिन स्पिंडल पोल बॉडीवरून (स्पिंडलच्या टोकाची रचना) मायक्रोट्युब्यूल सुरू करतं, केंद्रकाचं आवरण विभाजनात फुटतच नाही, इथवर कळलंय. कुणी कलिना-पवईकडे असेल तर भेटून समजावेल का? शनिवारी कधीही येऊ शकते.