किनाऱ्यावरचा भूखंड: गुंतवणूक की सामाईक सातबाऱ्यातला हिस्सा?

भरतीरेषा

‘उद्याचा गुंतवणूकदार’ या सदस्यांनी परवा या मंचावर लिहिले की मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर आजच भूखंड घ्यावा, कुंपण घालून ठेवावा आणि पाचसहा वर्षांनी दुप्पट भावाने विकावा. कारण उत्तर गोव्यात मोप्याचा विमानतळ आला, गोव्यात जागा उरली नाही आणि आता पाळी सिंधुदुर्गाची आहे. हा सल्ला वाचून मला संताप आला. अशाच सल्ल्यावर विसंबून आयुष्याची पुंजी अडकवून बसलेली माणसे मला दस्तांच्या कामात नेहमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘आता पाळी सिंधुदुर्गाची’ हे आपण १९९७ मध्ये जिल्हा ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून जाहीर झाला तेव्हापासून ऐकत आहोत. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हाही हेच ऐकले. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये मोप्याहून विमाने उडू लागली, आणि चिपीच्या सेवेला स्थैर्य आलेच नाही. मोप्याला उतरलेल्या प्रवाशाला गोव्यातल्याच पेडण्याचे किनारे अधिक जवळ आहेत, हे दलाल सांगत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) आहे. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर उच्चतम भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेला पट्टा, होते. २०१९ च्या अधिसूचनेने ते ५० मीटरवर आणले, पण केवळ चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या गावांसाठी, आणि तेही नवा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यानंतर. विरळ वस्तीच्या गावांना २०० मीटरच लागू आहेत. म्हणजे ज्या निर्जन, सुंदर किनाऱ्याचे छायाचित्र दाखवून भूखंड विकला जातो, तिथेच घर बांधण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

उद्याचा गुंतवणूकदार

आपण लोकांना घाबरवत आहात. मी स्वतः वेंगुर्ला तालुक्यात बिनशेती भूखंड घेतला आहे. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल काढला, वकील लावला, मोजणी करून घेतली आणि आज माझ्या भूखंडाला मागणी आहे. योग्य काळजी घेणाऱ्या माणसाला आपल्या भीतीचे काय करायचे आहे? अलिबागविषयीही हेच बोलले जात होते. ज्यांनी तेव्हा ऐकले नाही, त्यांची आज भरभराट झाली आहे.

भरतीरेषा

अलिबागची तुलना इथे लागू होत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट २०२० पासून चालते, आणि मुंबईचा माणूस शनिवारी सकाळी निघून दुपारचे जेवण तिथे घेतो. मालवणला येण्यासाठी त्याला रात्रभराचा प्रवास करावा लागतो, आणि मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेलकडचा टप्पा २०११ पासून किती रखडला हे सर्वांना ठाऊक आहे. आपण बिनशेती भूखंड घेतलात आणि मोजणी केलीत, हे योग्यच केलेत, एवढे मान्य करतो. परंतु आपल्या मूळ लेखात यातले एक अक्षरही नव्हते. तिथे फक्त ‘घ्या आणि कुंपण घाला’ एवढेच होते. आणि ‘मागणी आहे’ म्हणजे कोणी इसार दिला आहे का, हेही सांगावे.

खारी विहीर

मी मालवणजवळच्या देवबागची आहे. आमचे गाव म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. या वादात पाण्याविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते.

वाळूच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट उंची असली, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते. उपसा करून वरचा तो एक फूट घालवला की खालून खारे पाणी वर चढते. आमच्या आज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण विहीर उथळ ठेवायची आणि कळशीने पाणी काढायचे, हे त्यांना माहीत होते. शेजारच्या भूखंडावर बाहेरच्या मालकाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, खोल विंधन विहीर मारली आणि दिवसभर पंप चालू ठेवला. एप्रिलपासून आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. मीही निवास-न्याहारी चालवते, त्यामुळे पर्यटकांना माझा विरोध नाही. पण कुंपण घालून पुण्याला निघून जाणाऱ्या मालकाला माझ्या विहिरीची चव कधी कळणार?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा लाटा माडांच्या बुंध्यापर्यंत पोहोचल्या आणि कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हा गावात जे होते तेच एकमेकांच्या घरावर कौले चढवत होते.

मूळ घर

ताई, आपले दुःख खरे आहे, पण बाहेरच्या खरेदीदाराला दोष देऊन आपण सोपा मार्ग धरला आहे. किनाऱ्याचे खरे वाटोळे मुंबईला राहणाऱ्या आपल्याच हिस्सेदारांनी केले आहे.

आमच्या घराच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची नावे आहेत. त्यांतले निम्मे हयात नाहीत, त्यांच्या वारसांच्या नोंदी झालेल्या नाहीत, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींच्या मुलाबाळांचीही नावे लागणार आहेत, ज्यांना घराची वाटही माहीत नाही. चिऱ्याची एक भिंत पावसात बसली. दुरुस्तीसाठी बँकेकडे गेलो, तर तारण ठेवायला सर्व सहहिस्सेदारांची संमती हवी. संमतीसाठी फोन केले, तर प्रत्येकाच्या मनात एकच शंका: हा आम्हाला फसवून जमीन विकणार. ही माणसे गणपतीला पाच दिवस येतात, मोदक खातात, भिंतीला हात लावून ‘घर सांभाळा हो’ असे सांगतात आणि परत जातात. वर्षभर कौले शाकारणारा, वाडीला पाणी लावणारा, घरपट्टी भरणारा मी, आणि माझ्याच डोक्यावर संशय.

अशा वेळी एखादा दलाल येतो, कंटाळलेल्या एखाद्या चुलतभावाचा अविभक्त, म्हणजे वाटप न झालेला, हिस्सा खरेदी करतो आणि सातबाऱ्यावर परक्याचे नाव चढते. हे दलालामुळे घडले नाही. वेळेवर सही न करणाऱ्यांमुळे घडले.

डोंबिवलीचा हिस्सेदार

‘मूळ घर’, आपण अत्यंत अन्यायकारक लिहिले आहे. ‘पाच दिवस मोदक खातात’ हे शब्द मला लागले. आमच्या वडिलांनी गिरणीत पाळ्या करून जे पैसे पाठवले, त्यांवर गावातली घरपट्टीच नव्हे, तर भावंडांची शिक्षणे आणि लग्नेही झाली. मनीऑर्डरींच्या पावत्या आजही आमच्याकडे आहेत. गावात राहिलेला तेवढा त्यागी आणि मुंबईला गेलेला उपरा, ही विभागणी मला मान्य नाही.

आणि दुसरी गोष्ट ऐकून घ्या. आमच्या सह्या मिळत नाहीत, म्हणूनच हा किनारा अजून शिल्लक आहे. प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र असता, तर एकेका अडचणीच्या वर्षी एकेक तुकडा गेला असता. आमच्याकडे खाडीकाठची माडाची वाडी गावातल्या काकांनी विकायला काढली होती. मी सही दिली नाही, माझ्याशी बोलणे बंद झाले, पण वाडी आहे. तिथे आज माझा चुलतभाऊ नारळ काढतो आणि मला एकही नारळ देत नाही, तरीही सही न दिल्याचे समाधान मला आहे.

मूळ घर

आपल्या समाधानावर माझी भिंत उभी राहत नाही, साहेब. वाडी वाचवली म्हणता, पण राखण कोण करतो? आपण सही अडवलीत, तो फावडे मारतो. नारळ मिळाले नाहीत याची आपण नोंद ठेवलीत. त्याच्या मजुरीची ठेवली आहे का?

डोंबिवलीचा हिस्सेदार

मजुरीची नोंद ठेवायची, तर गिरणीतल्या पाळ्यांचीही ठेवावी लागेल. आपण वैयक्तिक पातळीवर उतरत आहात.

भरतीरेषा

दोघांनीही थोडे थांबावे. या वादामुळे मूळ प्रश्न बाजूला पडला असे काहींना वाटेल, पण माझ्या मते हाच मूळ प्रश्न आहे, कारण बाहेरच्या खरेदीदाराच्या गळ्यात जे मारले जाते ते नेमके हेच भांडण असते.

अविभक्त हिश्श्याचे खरेदीखत नोंदले जाते, फेरफार (नाव बदलाची नोंद) मंजूर होतो, सातबाऱ्यावर नाव येते, आणि खरेदीदाराला वाटते की जमीन आपली झाली. प्रत्यक्षात सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नाही. त्या नोंदीवरून कोणता तुकडा आपला, हे सांगताच येत नाही. सर्व हिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटप होते. एकाने जरी हक्काचा वाद घातला तरी दिवाणी दावा लावावा लागतो. जमिनीवर एकत्र कुटुंबाचे राहते घर असेल, तर त्यात हिस्सा घेणाऱ्या परक्याला घराचा संयुक्त ताबाही मागता येत नाही. शिवाय शेतजमीन असेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. ‘शेतकरी दाखल्याची व्यवस्था करून देतो’ असे सांगणाऱ्याकडून जमीन घेतलेल्या एका गृहस्थांचे खरेदीखत आज चौकशीत आहे, आणि दाखला देणाऱ्याचा फोन लागत नाही.

उद्याचा गुंतवणूकदार

ठीक आहे. सामाईक जमिनीत शिरू नये, हे मी मान्य करतो. मी स्वतः शिरलो नव्हतो आणि लेखात ते लिहायला हवे होते, हा आपला आग्रह अगदीच चुकीचा नाही. इसाराबाबत विचारलेत, तर तो अजून कोणी दिलेला नाही; विचारणा झाल्या आहेत. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. बाहेरचा पैसा आला नाही, तर ‘मूळ घर’ यांच्या मुलांना गावात काम कोण देणार? मालवणात पाण्याखाली बुडी मारायला नेणारे, बोटी चालवणारे, खानावळी काढणारे तरुण पर्यटकांमुळेच गावात टिकले आहेत.

खारी विहीर

ते तरुण पर्यटकांमुळे टिकले आहेत, भूखंडधारकांमुळे नाहीत. पर्यटक माझ्याकडे राहतो, माझ्या हातची सोलकढी पितो आणि पैसे गावात ठेवून जातो. कुंपण घातलेल्या भूखंडावर कोणालाही रोजगार मिळत नाही. उलट त्या कुंपणामुळे होड्या ओढण्याची आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) लावायला जाण्याची आमची जुनी वाट बंद झाली. आपण तिथे घर बांधून राहायला येणार असाल, गावच्या पाण्याचा हिशेब पाळणार असाल, तर जरूर या. भाव वाढण्याची वाट पाहण्यासाठी येऊ नका.

डोंबिवलीचा हिस्सेदार

ताईंचे म्हणणे मला पटते. ‘मूळ घर’ यांच्याविषयी इतकेच सांगतो की घराखालच्या जागेपुरते संमतीने वाटप करून त्यांना कर्ज मिळत असेल, तर त्याला नकार देणाऱ्या हिस्सेदाराची बाजू मी घेणार नाही. माझ्या घरातही मी तेवढी सही देईन. खाडीकाठच्या वाडीसाठी मात्र देणार नाही.

मूळ घर

तेवढे जरी माझ्या चुलत्यांनी म्हटले असते, तरी भिंत मागच्या पावसाळ्याआधी उभी राहिली असती. वाडीचे आपले आपण पाहा. फक्त राखण करणाऱ्याला त्याचे नारळ मोजून मागू नका.