मदत हवी आहे: छापील पत्रिका काढावी की मेसेजवर भागवावं?

आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होताहेत. घरगुती समारंभ करायचाय, साधारण दीडशे माणसं. हॉल, जेवण वगैरे मार्गी लागलंय. घोडं अडलंय निमंत्रणापाशी.

दादाचं म्हणणं, छानसं डिझाइन करून फोनवर पाठवून द्या, उगाच रद्दी कशाला? आई म्हणते, "पत्रिका नाही म्हणजे बोलावणं नाही." बाबा नेहमीप्रमाणे दोघांनाही हो म्हणतात. आणि काम माझ्या गळ्यात.

माझा कल पत्रिकेकडे आहे, पण तो केवळ आईसाठी नाही. ग्रुपवर निमंत्रण पडतं, खाली पंधरा जण अंगठे टाकतात, मग शुभ सकाळचे फॉरवर्ड येतात आणि ते वर कुठेतरी गडप होतं. समारंभाच्या सकाळी "अरे, पत्ता परत टाका ना" सुरू. छापलेला कागद फ्रिजवर चुंबकाखाली राहतो, घरातल्या प्रत्येकाच्या नजरेला पडतो. शिवाय लिफाफ्यावर नावं लिहिली की नेमकं कुणाला बोलावलंय हे कळतं: दोघांनाच, मुलांसकट, की घरातल्या आजींनाही. आजींच्या हातात स्वतःचं नाव असलेला लिफाफा पडणं आणि नातवाने मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढे धरणं, यात फरक आहेच.

पण पत्रिका घेऊन "येतो हं" म्हणणारे सगळे येत नाहीत, आणि जेवणवाल्यांना आकडा आधी हवा असतो. वेळ बदलली तर छापलेलं वाया. म्हणून विचारतेय: इतक्या कमी संख्येला छपाई परवडते का, कागद-आकार काय घ्यावा, आणि काहींना पत्रिका व काहींना मेसेज असं केलं तर माणसं दुखावतात का? खरी धास्ती या शेवटच्याचीच आहे.

प्रतिसाद १

माणसं मोजू नका, घरं मोजा. दीडशे माणसं म्हणजे साठ-सत्तर घरं, पत्रिका तेवढ्याच. एवढ्यासाठी ऑफसेटच्या (प्लेट बनवून करतात त्या छपाईच्या) नादी लागू नका. प्लेटचा खर्च सत्तर प्रतींना तोच आणि हजारालाही तोच, त्यामुळे कमी प्रतींत एकेक पत्रिका महाग पडते. डिजिटल (प्लेटशिवायची) छपाई करा.

ए५ कागद मधोमध दुमडला की ए६ होतो (१०५ × १४८ मिमी) आणि सी६ लिफाफ्यात (११४ × १६२ मिमी) आरामात बसतो. आधी लिफाफा मिळतोय का ते बघा, मग पत्रिकेचं माप ठरवा. लोक नेमकं उलट करतात. कागद २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरे. एवढ्या जाड कागदाला घडी घालण्याआधी क्रीझिंग (घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणं) करून घ्या, नाहीतर घडीवर रंग तडकून पांढरी रेघ दिसते. त्यातून पत्रिका गडद रंगाची असेल तर फारच वाईट. चकचकीत लॅमिनेशन टाळा, त्यावर साध्या पेनाने दोन शब्द लिहायला गेलात तरी शाई फरफटते. लिफाफे दहा-बारा जास्तीचे घ्या, नावं लिहिताना चुकतातच.

फाइलला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग), फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा हिरवा छापल्यावर मंद दिसतो, तेव्हा एक प्रत कागदावर काढून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. फक्त एक भर: मजकूर युनिकोडमध्ये (फोनवर, नेटवर चालतं ते मराठी टायपिंग) टाइप करून दिलात आणि छापणाऱ्याने तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला, तर रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. फॉन्ट एम्बेड केलेली (म्हणजे फाइलमध्येच घातलेला) पीडीएफच द्या. प्रूफ मजकूर न लिहिलेल्या माणसाकडून वाचून घ्या. तारखेसोबत वार छापा, आणि दोन्ही जुळतात का ते कॅलेंडर उघडून बघा!

प्रतिसाद ३

मी तुमच्या दादाच्या पक्षात. पत्रिकेची किंमत कागदात नाही, ती द्यायला कुणीतरी घरी जातं त्यात आहे. कुरिअरनेच पाठवणार असाल तर त्यापेक्षा एक फोन केलेला बरा.

तरी छापणारच असाल तर येणार-नाही येणारचा हिशेब मोबाइलवर, एका ऑनलाइन फॉर्ममध्ये ठेवा. पत्रिकेवर तो फॉर्म उघडणारा क्यूआर कोड टाका, निदान २ सेंमी, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा सोडून. काही फुकट साइट्स आधी त्यांच्या साइटवर नेऊन मग तुमच्या फॉर्मकडे वळवणारा कोड देतात आणि मुदत संपली की तो बंद पडतो. थेट तुमच्या फॉर्मच्या लिंकचाच कोड बनवा. खाली फोन नंबर आणि "अमुक तारखेपर्यंत कळवा" हे हवंच, स्कॅन न करणारे बरेच असतात.

प्रतिसाद ४

दुखावण्याबद्दल: माणसं दुखावतात ती जवळचा-लांबचा असा भेद दिसला की. "मावशीला पत्रिका आणि आम्हाला मेसेज?" तेव्हा निकष असा लावा की तो नात्यावर ठरत नाही. घरच्यांना मिळून बोलावणं असेल तिथे पत्रिका. ऑफिसातले किंवा मित्रमंडळींपैकी एकेकटे येणारे असतील त्यांना मेसेज, पण ग्रुपवर नाही, प्रत्येकाला स्वतंत्र आणि नाव घालून. मग कुणी विचारलं तरी सांगायला उत्तर असतं. वेळ बदललीच तर सगळ्यांनाच मेसेज करता येतो, त्यासाठी पत्रिकेवर फुली मारायला नको.

अवांतर: तुमच्या बाबांना साष्टांग नमस्कार. पन्नास वर्षं टिकण्याचं रहस्य कळलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ४ मधला नियम घरात वाचून दाखवला आणि चक्क आई-दादा दोघांनाही पटला. कुरिअरचा मुद्दाही मान्य; जवळपासची घरं आम्ही भावंडं वाटून घेतोय. लांबच्यांना आई आधी फोन करेल, मग पत्रिका पाठवू.

आता नवीन पेच. बाबा म्हणतात, निमंत्रक म्हणून त्या दोघांची नावं नकोत, स्वतःच्या कौतुकाला स्वतःच कसं बोलवायचं? आईला नेमकं दोघांचंच नाव हवंय. कुणाकडे दोन्ही साधणारा मजकूर असेल तर टाका. चार ओळींच्या वर नको, अक्षरं मोठी ठेवायची आहेत.