सनस्पॉट मोठा दिसायलाय म्हणजे फ्लेअर येणारच का?

परभणी_आकाश:
दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून मी पेन्सिलीनं डागांचं चित्र काढतो, शाळेतली पोरंबी येऊन बघायलेत. सध्या एक लई मोठा डाग पूर्वेच्या कडेनं आत आलाय अन् पोरं विचारायलेत सर स्फोट म्हणजे फ्लेअर कधी होणार. नुसत्या आकारावरून सांगता येतं का? अंदाज देणारे नेमकं काय बघतात?

सूर्यवेडा_संभाजीनगर:
सर, नुसत्या आकारावर जाऊ नका. एकटा गोल डाग कितीबी मोठा असला तरी बहुतेक वेळा शांतच बसतो. बघायचं ते चुंबकीय ध्रुव किती गुंतलेत. उलट ध्रुवांचे गडद गाभे एकाच फिकट कडेच्या आत आले की त्याला डेल्टा म्हणतात, मोठे फ्लेअर जास्त करून असल्याच गटातून निघतात. ध्रुव तुमच्या कागदावर दिसणार नाहीत, त्यासाठी नासाच्या एसडीओ या सूर्य बघणाऱ्या उपग्रहाचा मॅग्नेटोग्राम म्हणजे चुंबकीय नकाशा बघा, त्यात उलट ध्रुव काळे-पांढरे दिसतात, ते काळं-पांढरं एकमेकांत घुसलेलं दिसलं की लक्ष ठेवायचं. पण चित्र काढणं सोडू नका! कालच्या कागदावर आजचा धरून बघा, डागांच्या मधल्या जागेत नवे ठिपके उगवलेत का. मे 2024 मधला 13664 नंबरचा डागांचा गट असाच बघता बघता वाढला, नंतर 14 मेला पश्चिमेच्या कडेवर असताना त्यानं एक्स 8.7 ताकदीचा फ्लेअर फेकला, एक्स म्हणजे सगळ्यात मोठा वर्ग.

लातूर_हॅम:
फ्लेअरचा एक्स-रे उजेडाच्याच वेगानं येतो, सव्वाआठ मिनिटांत. म्हणजे उपग्रहाला दिसतो तेव्हा तो आपल्यापाशी पोचलेलाच असतो, म्हणून आधी मिळते ती फक्त शक्यता. दिवसा मोठा फ्लेअर आला की शॉर्टवेव्ह रेडिओवर चालू बोलणं एकदम बुडतं, नुसती खरखर राहते, कारण वातावरणाचा डी थर सिग्नल शोषून घेतो. रात्री आला तर आपल्याकडं काही जाणवत नाही.

परभणी_आकाश:
मग फ्लेअरच्या अंदाजात टक्के देतात ते कशाचे असतात?

सूर्यवेडा_संभाजीनगर:
अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेचे, पुढच्या तीन दिवसांत रोज एम किंवा एक्स फ्लेअर येण्याची शक्यता. सी, एम, एक्स ही प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. 20 टक्के एक्स म्हणलं अन् आला नाही तर अंदाज चुकला असं नाही, पोरांना हे नक्की समजून सांगा. आपल्या आदित्य-एल1 या सूर्य बघणाऱ्या यानावरचा सूट हा कॅमेरा पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेनं केलाय, त्याची चित्रंबी दाखवा त्यांना. अन् डाग पश्चिमेला मावळला तरी वही ठेवा, साधारण दोन आठवड्यांनी तो पूर्वेच्या कडेवर परत येऊ शकतो, 13664 तसाच आला होता, नंबर तेवढा बदलून 13697 झाला.