उंदीर आधी हातात घ्यायचा की थेट कॅमेऱ्याखाली ठेवायचा?

अंधारखोली:
आमची लॅब वर्तन-जनुकशास्त्राची. जनुक बदललं की उंदराच्या वागण्यात काय बदलतं, मेंदूत ते कुठे दिसतं, हे आमचं काम. यंदा नव्या पीएचडीवाल्यांनी विचारलं, ‘पिंजऱ्यावर कॅमेरा आहे, सॉफ्टवेअर आहे, मग उंदीर हाताळायला शिकायचं कशाला?’ लॅब मीटिंगमध्ये सरळ दोन तट पडले.

माझं म्हणणं असं की पहिले तीन महिने प्रत्येकाने उंदीर हाताळावेत आणि नुसतं बघत बसावं. डेटा मागू नये, ग्राफ मागू नये.

का ते सांगते. एलिव्हेटेड प्लस मेझ म्हणजे जमिनीपासून उंच, अधिकच्या चिन्हासारखा सांगाडा. दोन बाहूंना भिंती, दोन उघडे. घाबरलेला उंदीर उघड्यावर कमी जातो, असं आपण धरतो. आमच्या एका म्युटंट, म्हणजे जनुक बदललेल्या, वंशाचे आकडे नॉर्मल भावंडांइतकेच आले, म्हणजे फरक नाही. मी व्हिडिओ लावून बसले. म्युटंट उंदीर भिंतीच्या आडोशाला मागचे पाय रोवून पुढचं अंग लांबच लांब ताणत होता, नाक उघड्या बाहूवर, आणि सर्रकन मागे. परत तेच. आमचं सॉफ्टवेअर शरीराचा मध्यबिंदू पकडतं, आणि तो तर जागचा हलतच नव्हता. उंदीर जीव मुठीत धरून चाचपणी करत होता आणि आमच्या तक्त्यात ‘फरक नाही’ अशी नोंद पडली होती.

आकडेमोड:
ताई, अनुभव खरा असेल, पण तुम्ही त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही. सॉफ्टवेअर जुनं होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. व्हिडिओतून शरीराचे भाग ओळखणारं डीपलॅबकट हे सॉफ्टवेअर २०१८ साली आलं, त्यात नाक, कान, शेपटीचं मूळ वेगवेगळं पकडता येतं. अंग ताणणंही मोजता येतं, आणि हजार व्हिडिओंत एकाच निकषाने.

माणसाच्या डोळ्याचं काय? १९६३ साली रोझेंथाल आणि फोड यांनी काही विद्यार्थ्यांना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार वाणाचे, बाकीच्यांना सांगितलं तुमचे मठ्ठ. प्रत्यक्षात वाटणी कशीही केली होती. तरी ‘हुशार’ उंदरांची कामगिरी सरस आली. हाताचं तर विचारूच नका. २०१४च्या एका अभ्यासात नुसता पुरुष खोलीत असला, किंवा त्याने घातलेला टीशर्ट जवळ ठेवला, तरी उंदरांचा ताण वाढला आणि वेदनेची प्रतिक्रिया दबली. शिवाय उंदीर निशाचर. आपण त्याला सकाळी दहाला झोपेतून उठवतो आणि भित्रा ठरवतो. पिंजऱ्यातला इन्फ्रारेड कॅमेरा रात्रभर त्याच्या वेळेनुसार बघतो.

एक विचारतो. व्हिडिओ बघताना म्युटंट कोणता हे तुम्हाला ठाऊक होतं का?

अंधारखोली:
होतं. पिंजऱ्याचं कार्ड मीच लिहिलं होतं. म्हणून नंतर सहकाऱ्याकडून जीनोटाइप झाकून, म्हणजे म्युटंट कोणता हे न सांगता, पुन्हा मोजून घेतलं. फरक टिकला, पण माझ्या मोजणीपेक्षा बराच कमी भरला. तुमचा मुद्दा मला लागला आहे. तरी काय मोजायचं हे मला बघितल्यावरच कळलं. अंग ताणणं मोजा असं सॉफ्टवेअरला कुणीतरी आधी सांगावं लागतं ना?

माशीघर:
आमच्या फळमाशांत हा वाद लवकर मिटला. १९७१ साली कोनोप्का आणि बेन्झर यांनी शरीराच्या दिवस-रात्रीच्या घड्याळाशी जोडलेल्या पिरियड जनुकाचे म्युटंट शोधले. एकाचं दिवसाचं चक्र आखूड, एकाचं लांब, एकाला चक्रच नाही. आज नळीतल्या माशीची हालचाल इन्फ्रारेड किरण दिवसेंदिवस टिपतो, तसं माणसाला जमणार नाही. माझं मत आकडेमोड यांच्या बाजूने.

पिंजराघर:
मी अ‍ॅनिमल हाउसमध्ये काम करते, संशोधक नाही. कॅमेरा लावला म्हणजे माणसाचा हात गेला, हे तुम्ही कशावरून धरता? पिंजरा कोण बदलतं? मी. भुसा मी घालते, पाण्याची बाटली मी तपासते. नर उंदरांचा पिंजरा बदलला की जुना वास जातो आणि मारामाऱ्या सुरू होतात, म्हणून घरट्यातला थोडा जुना कापूस मी नव्या पिंजऱ्यात ठेवते. हे कुठल्या पेपरमध्ये लिहिलेलं असतं?

शेपटीला धरून उचललं की उंदीर घाबरतो. बोगद्यासारख्या नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललं तर कमी घाबरतो. २०१० साली हर्स्ट आणि वेस्ट यांनी हे दाखवून दिलं. तरी तुमची कितीतरी पोरं अजून शेपटीला धरतात. त्यांना शिकवणार कोण, सॉफ्टवेअर?

आकडेमोड:
ताई, हे मान्य. १९९९ साली क्रॅब आणि सहकाऱ्यांनी तीन लॅबमध्ये तेच वंश, तीच उपकरणं, तीच वेळापत्रकं ठेवली, तरी काही चाचण्यांचे निकाल वेगळे आले. मी ते नेहमी ‘माणूस बाजूला करा’ यासाठी सांगतो. पिंजरा बदलणाऱ्या हाताचा विचार मी केला नव्हता. पण मग तुमच्या नोंदी डेटात यायला हव्यात: बदलल्याची तारीख, कोणी बदलला, कसं उचललं. त्यासाठी प्रत्येकाने तीन महिने उंदीर हाताळत बसणं मला अजूनही पटत नाही.

पहिलंवर्ष:
ज्यांच्यावरून वाद सुरू झाला त्यांच्यातलीच मी. मॅडम, एक गोष्ट मीटिंगमध्ये बोलता आली नाही. वर्तनचाचणी संपली की मेंदूचे स्लाइस करायचे, म्हणजे उंदीर मारायचा. तीन महिने जो माझ्या ओंजळीत येऊन मिशा साफ करत बसला, त्यालाच मी मारायचं. कॅमेरा मागितला तो आळसापायी नव्हता.

अंधारखोली:
मला वाटलं होतं तुम्हाला कंटाळा येतो. चुकले मी.

पण तुझ्या हाताला सरावलेला उंदीर शेवटच्या क्षणीही कमी घाबरतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. त्याचं ओझं तुझ्यावर येतं, तेही खरं. सरावाचे उंदीर वेगळे ठेवू, प्रयोगात न जाणारे. चाचणीच्या दिवशी तुझ्यासोबत मी असेन.

पिंजराघर:
सरावासाठी दोन माद्यांचा पिंजरा आहे माझ्याकडे, शांत आहेत. उद्या सकाळी नको, झोपलेल्या असतात. दिवे मालवल्यावर ये, लाल दिव्यात दाखवते.

आकडेमोड:
त्या पिंजऱ्यावर कॅमेरा लावू द्याल का? पहिल्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी त्या हाताजवळ कशा येतात, ते मला मोजायचं आहे.