कपाटाची किल्ली आणि साथीचा आराखडा

नौपाडेकर
आमचं छोटं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे. वॉकर, कमोड चेअर, फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर करता येणारी खाट) नाममात्र भाड्यानं देतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा किल्ली अध्यक्षकाकांकडे आणि काका लेकीकडे पुण्याला. कळव्याहून फोन आला, आई बाथरूममध्ये पडली, वॉकर हवा. कपाटात अकरा वॉकर आणि बाहेर हे भलंमोठं कुलूप! शेवटी करवतीनं कडी कापली.
परवाच्या बैठकीत मी पुढच्या साथीसाठी लेखी आराखडा मांडला. दुसरी किल्ली, चेकवर सहीला तिसरा माणूस, परत आलेली वस्तू कशानं पुसायची (धातूला हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण, चालत नाही, ७० टक्के अल्कोहोल लागतं). पाचपैकी चौघं हसले. माझं काही चुकलं का?

कोपरीकर
मीही हसलो असतो. २०२० मध्ये आराखडा होता कुणाकडे? तरी गरजूंसाठी पोळ्या लाटल्या गेल्याच. या सोसायटीतून वीस, त्या चाळीतून तीस. कागद असता तर आधी ठराव करत बसलो असतो. तुम्हीसुद्धा कडी कापलीतच की!

नौपाडेकर
पोळ्या एप्रिलभर आल्या हो. २ जुलैला ठाण्यात पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा त्याच घरांतून ‘आता जमणार नाही’ आलं. उत्साह पहिल्या फेरीला पुरतो.

वागळेची वहिनी
मूळ दुखणं वेगळंच आहे. ६५च्या पुढच्यांनी घरीच थांबा, असं सरकार सांगत होतं. आपल्या संस्थांची कार्यकारिणी बघा. सगळे निवृत्त. आमच्याकडे सह्या करणारे दोघंही सत्तरीचे, बँकेत जाणार कोण? स्वयंपाकाच्या बाईंचा पगार दोन महिने अडकला. पैसे खात्यात होते, बरं का. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण नंतर परत आल्या नाहीत.

माजी खजिनदार
वय ७३. आम्ही खुर्ची धरून बसलोय असा सूर दिसतोय. चाळिशीतल्यांना बोलावलं की ‘काका, या रविवारी नाही जमत’. दुसरी फळी कागदावर लिहून उभी राहते होय?

वागळेची वहिनी
काका, रविवारी सकाळी दहाची बैठक ठेवता आणि पहिला तास मागचं इतिवृत्त वाचता. कोण येईल?

हिशेबनीस
पगार अडकण्यावरून आठवलं. ‘करसवलत हवी तर संस्थेला वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग खर्च करावाच लागतो, शिल्लक ठेवायची कुठून’ असं पुष्कळ विश्वस्त म्हणतात. उरलेले १५ टक्के विनाअट ठेवता येतात. जास्त साठवायचं तर उद्देश आयकर खात्याला लेखी कळवा, पाच वर्षांची मुदत मिळते. तीन महिन्यांचे पगार सहज बाजूला पडतील.

कोपरीकर
पगाराचं पटलं. तिसरी सही, दुसरी किल्ली, मान्य. पण मास्क-किटचा साठा करू नका. आम्ही खोकेभर मास्क जपले होते. काढायला गेलो तर इलॅस्टिक हातात आलं.

नौपाडेकर
साठा आराखड्यात नव्हताच! असो. काकांनी काल दुसरी किल्ली करून दिली, माझ्याकडे. आता गणपतीत मी दहा दिवस गावी असतो, तेव्हा ती कुणाकडे ठेवायची यावर पुन्हा बैठक आहे. रविवारी. सकाळी दहाला.