नवऱ्याने माळ घातली, घर सावरलं, पण आता वर्कशॉपही पांडुरंगच चालवणार का?

भोसरीची_ताई

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत होते, शेवटी आज लिहितेच. लांबेल थोडं.

आमचं भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात छोटं वर्कशॉप आहे. टर्निंग-मिलिंगचं जॉबवर्क, दोन लेथ, एक मिलिंग आणि हप्ता चालू असलेलं एक सेकंडहँड व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), चार पोरं कामाला. मशीन आणि पार्ट्या हे बघतात, बिलं चलनं गोळा करून सीएला पाठवायचं काम माझं. मुलगी बारावीला आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात.

लॉकडाऊननंतर ह्यांचं पिणं फार वाढलं होतं. शेजारच्या गाळ्यातल्या एका काकांनी ह्यांना कीर्तनाला न्यायला सुरुवात केली आणि मग आळंदीला जाऊन माळ घातली. तेव्हापासून दारू बंद, मटण बंद, एकादशी आणि संध्याकाळी घरी हरिपाठ, त्यात मुलगी पण बसते कधीकधी. घरातला आरडाओरडा थांबला. त्यामुळे प्लीज कुणी "कुठल्या नादाला लागलाय" असं लिहू नका, पांडुरंगाचे उपकार मी रोज मानते.

पण आता प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, पांडुरंग बघेल. एका मोठ्या पार्टीकडे चार महिन्यांची बिलं अडकलीत, फोन करा म्हटलं की पांडुरंग बघेल. मेडिक्लेम रिन्यू करायचा राहिलाय, पांडुरंग बघेल. गेल्या वर्षी २०२५ ला देहूची पालखी पुण्यात आली त्याच दिवशी २० जून, म्हणजे जीएसटीची तारीख, हे दिंडीत आणि ओटीपी ह्यांच्या मोबाईलवर आणि मोबाईल पिशवीत तळाशी. लेट फी भरली. आणि वारीत ह्यांनी दिंडीला एक पंगत दिली, चांगली गोष्ट आहे, पण त्याच महिन्यात पोरांचा पगार दहा दिवस लेट झाला.

आता ह्याच्या उलट एक गोष्ट. त्याच पार्टीच्या परचेसवाल्याने पुढच्या ऑर्डरसाठी "आमचं बघा काहीतरी" सुरू केलं. आधी हे द्यायचे, सगळेच देतात. ह्यावेळी सरळ सांगितलं की गळ्यात माळ आहे, जमणार नाही. ऑर्डर गेली. मला अभिमान वाटला आणि त्या रात्री हप्त्याच्या टेन्शनने झोप पण लागली नाही.

तर माझा प्रश्न असा की देवाच्या भरवशावर धंदा आणि घर चालवायचं म्हणजे नक्की करायचं काय? ज्यांच्या घरात वारी आहे त्यांनी सांगा. मी काही बोलले की "तुझी श्रद्धा कमी पडते" असं ऐकावं लागतं.

उगाच_शंका

ताई तुम्ही लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही. फक्त एवढंच, ओटीपी पांडुरंगाच्या मोबाईलवर येत नाही. आणि मेडिक्लेम आजच्या आज भरा, ग्रेस पिरियड उलटला तर पॉलिसी लॅप्स आणि मग जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड पहिल्यापासून.

माणदेशी_माळकरी

रामकृष्णहरी माऊली. आमच्या घरात वारी आज्यापासून आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडं पेरणी उरकल्याशिवाय कोणी घर सोडत नाही. पाऊस लांबला तर जो कर्ता आहे तो मागं राहतो आणि मग फलटणला नाहीतर माळशिरसला येऊन दिंडी गाठतो, अगदीच नाही जमलं तर नवमीला वाखरीत येऊन दशमीला पंढरीत चालत जातो, आणि वारी चुकली असं त्याला कोण म्हणत नाही. पूर्ण वीस दिवस चालायलाच पाहिजे हे शहरातून नवीन आलेल्या लोकांनी धरून ठेवलंय. काहीजण फोटोपुरते दिवेघाटात चालतात आणि परत जातात त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, असो. ज्याची जनावरं बांधलेली आहेत त्याला घरची माणसं विचारूनच जावं लागतं. माझे वडील निघताना आईला विचारायचे, काय काय राहिलंय, आणि ती सांगेल ते उरकूनच पडशी उचलायचे.

पंगतीचं मात्र तुमच्या मालकांचं मला पटलं नाही, आणि हे मी माळकरी म्हणून सांगतोय. कामाच्या पोरांचा पगार थकवून पंगत घातली तर ते अन्न त्या पोरांच्या घरचं झालं, दान करणारा भलताच. आमच्या फडावर, म्हणजे आमच्या वारकरी मंडळींत, कोणी असं केल्याचं कळलं तर विणेकरी (दिंडीत वीणा घेऊन उभा असतो तो) त्याला बाजूला घेऊन बोलतो. ज्या महाराजांकडनं माळ घातली त्यांच्या कानावर घाला, बायकोनं बोललेलं टोचतं पण महाराजांनी सांगितलं तर ऐकतील.

आणि श्रद्धा कमी पडते हे वाक्य घरात वापरू नका म्हणावं. सावता महाराज अरणचे, पंढरपूर काही लांब नाही, पण ते मळा सोडून गेले नाहीत असं सगळे सांगतात, त्यांचा कांदा मुळा भाजीच विठाई. अजून आषाढात पंढरपुरातून पांडुरंगाची पालखी अरणला जाते, उलटी. काम सोडून आला नाही म्हणून देवाला राग आला असता तर ही चाल पडलीच नसती.

हिशेबनीस

मी अकाउंट्समध्ये आहे आणि एकादशी करतो, त्यामुळे दोन्ही बाजूने लिहितो.

आधी नाथांची गोष्ट. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे होते तेव्हा हिशेबाचं काम त्यांच्याकडे होतं. एकदा एका पैचा ताळा जमेना, तर रात्रभर दिवा लावून बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी ते बघितलं आणि म्हणाले, एवढंच लक्ष तिकडे लागलं तर काय होईल. कीर्तनात ही गोष्ट कायम सांगतात पण लोक फक्त शेवट लक्षात ठेवतात. नाथांनी आधी पै शोधलीच ना? हिशेब अर्धा टाकून ते जपाला बसले असते तर स्वामी काय बोलले असते हे मला कुठल्याच बुवांनी अजून सांगितलेलं नाही.

आता तुमची चार महिन्यांची बिलं. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी, आहे का? असेल तर तुमच्यासारख्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, हा २००६ च्या एमएसएमई कायद्याचा नियम आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, ते पण महिन्याला चक्रवाढ. वर २०२३ च्या फायनान्स ॲक्टने इन्कम टॅक्स कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं, म्हणजे तुमचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या पार्टीला ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो, टॅक्स आधी भरावा लागतो. म्हणून मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले अचानक गोड बोलायला लागतात, कुणाची भक्ती वाढलेली नसते. ह्या सगळ्याचा उल्लेख करून एक साधी मेल टाका. भांडायची गरज नाही. तक्रारीसाठी एमएसएमई मंत्रालयाचं ऑनलाइन पोर्टल आहे पण चालू पार्टी असेल तर ते शेवटी ठेवा.

जीएसटीला तर मालकांची वाट बघूच नका. ३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) उशिरा भरलं की दिवसाला ५० रुपये आणि टॅक्सवर वर्षाला १८ टक्के व्याज. ओटीपीसाठी पोर्टलवर तुमचा मोबाईल लावून घ्या नाहीतर सीएला विचारून सही करायचा अधिकार तुमच्या नावाने घ्या, मग ते खुशाल वारीला जाऊ देत.

बार्शीची_लेक

सगळे संतांची उदाहरणं देतायत तर मी त्यांच्या बायकांबद्दल लिहिते, कारण ह्या ताई त्या जागेवर आहेत.

तुकोबा भंडाऱ्यावर आणि आवली भाकरी बांधून डोंगर चढतेय. कीर्तनात तिला कजाग म्हणून रंगवतात, लोक हसतात. दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं, आणि त्या घरातली चूल ह्या बाईने चालवली. लोकांच्या कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडले ह्याचं मला पण कौतुक आहे, खरंच, पण भावाच्या वाटणीचे अर्धे कागद त्याला देऊन मगच आपले सोडले असं सांगतात, हा भाग कोणी नीट सांगत नाही. दुसऱ्याचं सोडायचा हक्क आपल्याला नाही हे त्यांना कळत होतं. ताई तुमच्या वर्कशॉपमध्ये तुमची वाटणी आहे ना? मग पांडुरंग बघेल म्हणायच्या आधी तुम्हाला विचारायला पाहिजे.

आमचं गाव तेरच्या बाजूला, तिथले गोरोबाकाका. भजनाच्या नादात मूल चिखलात तुडवलं गेलं ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हापासून मला आईचंच वाटत आलंय. पुढे मूल परत मिळालं ते ठीक, गोष्टीत मिळतं. आमच्या घरी वडील सप्त्याच्या कमिटीवर होते आणि माझ्या दहावीची फी भरायची आईने मामाकडून पैसे आणून, आणि गावात वडिलांना देवमाणूस म्हणायचे. मी अजून एकादशी करते, वारीला पण गेलेय, पण हे विसरले नाही.

चाकणचा_क्वालिटीवाला

परचेसवाल्याच्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. मी कंपनीच्या बाजूला आहे, क्वालिटीत. जे व्हेंडर देत नाहीत ते आम्हाला माहीत असतात, त्यांचं मटेरियल पण बहुतेक वेळा नीट असतं कारण दिलेले पैसे त्यांना कुठून तरी वसूल करायचे नसतात. पण चांगल्या माणसाला देव देतोच असं मी सांगणार नाही, गेलेली ऑर्डर बऱ्याचदा गेलेलीच असते. तुमच्या मिस्टरांनी हे माहीत असून नाही म्हटलं असेल तर माळेचा मान ठेवला त्यांनी, बाकी कशाहीपेक्षा मला हीच गोष्ट मोठी वाटते. फक्त एकाच पार्टीवर सगळं काम ठेवायचं नसतं, मग नाही म्हणायची हिंमत पण राहते. दोन-तीन छोट्या पार्ट्या धरा.

वसईची_सून

मी कॅथलिक आहे, वारीचं मला फार कळत नाही, पण प्रश्न ओळखीचा वाटला. आमच्याकडे संध्याकाळी सगळं घर एकत्र बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतं, आणि बायबलमधल्या स्तोत्रांत एक आहे की देवाने घर बांधलं नाही तर बांधणाऱ्यांचे कष्ट फुकट. सासरे सुतारकाम करायचे, त्यांचं ते आवडीचं. पण ते म्हणायचे, त्यात बांधणारे आहेतच की, त्यांना कुठे घरी बसा म्हटलंय. येशूला वाढवणारे संत योसेफ सुतारच होते, १९५५ पासून १ मे ला कामगार योसेफ म्हणून त्यांचा सण पण असतो, त्या दिवशी सासरे हत्यारं पुसून ओळीत लावायचे आणि उधारीची वही काढून बसायचे. कुणाचं देणं राहिलंय ते आधी बघायचे, येणं नंतर.

आमच्या घरी एक करतात, तुम्हाला जमलं तर बघा. प्रार्थना झाली की उठायच्या आधी घरातल्या अडचणी बोलायच्या, पैशांच्या पण, मुलांसमोर. देवासमोर बसलेलं असताना माणूस जरा कमी खोटं बोलतो आणि आवाज पण चढत नाही. तुमचा हरिपाठ होतोच रोज.

भोसरीची_ताई

सगळ्यांचे आभार, बार्शीच्या ताई तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं खरं.

वसईच्या ताईंचं काल करून बघितलं. हरिपाठ झाला आणि मी तिथेच वही काढली. आधी हे चिडले, देवापुढे पैशाचं काय काढतेस म्हणून. सासूबाईच बोलल्या मग, देवाला काय नवीन आहे का ते, तुझ्या बापाचं कर्ज पण त्यालाच माहीत होतं. मग बसले. तेव्हा कळलं की त्या पार्टीला फोन करत नाहीत त्याचं कारण वेगळंच आहे, त्या परचेसवाल्याशी परत बोलायची लाज वाटते आणि रागावून काही बोलून बसू अशी भीती पण वाटते. पांडुरंग बघेल म्हटलं की तो विषय संपतो. हे मला एवढ्या दिवसांत सांगितलंच नव्हतं. मुलगी म्हणाली मेल मी टाइप करते.

पगार ५ तारखेच्या आत आणि पंगत त्यानंतर, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. वारीचं अजून ठरलं नाही, पूर्ण चालणार असंच म्हणतायत, त्यावर भांडण होणार आहे. मेडिक्लेम भरला आज, शंकावाल्या दादांना सांगते.

हिशेबनीस दादा, उद्यम आमचं नाहीये. एक एजंट अडीच हजार मागतोय. करून घेऊ का?

हिशेबनीस

अजिबात नको. उद्यम पोर्टलवर स्वतः करा, फुकट आहे, २०२० पासून आधार, पॅन आणि जीएसटी नंबरवर होतं, कागद अपलोड करायचे नाहीत. नावं सारखी दिसणारी खाजगी साइट भरपूर आहेत, gov.in ने शेवट होणारीच उघडा. ओटीपी मालकांच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणार, तेवढा पिशवीतून बाहेर काढून ठेवा. झालं की तो नंबर सगळ्या बिलांवर छापायला घ्या आणि मगच पार्टीला मेल टाका.