शिलालेख राजाचा, मग गाव कुणाचं?

खानापुरी
बेळगाव जिल्ह्यातल्या हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचा फोटो कुणीतरी टाकला आणि खाली नेहमीचं सुरू झालं. एक गट म्हणतो, इथले जुने राजे कदंब, ते कन्नड, म्हणजे गाव कन्नड. दुसरा म्हणतो, गावात घरोघरी मराठी, तेव्हा राजेही आपलेच असणार. संध्याकाळपर्यंत सीमाप्रश्न सुटलासुद्धा!

दोघांनाही विचारतो. हलशीला सापडलेले कदंबांचे ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकातले, आणि भाषा संस्कृत. मग तेव्हाच्या पलाशिकेच्या, म्हणजे हलशीच्याच, बाजारात भाजीवाल्या संस्कृतात भाव सांगायच्या काय?

ताम्रपट म्हणजे राजाने कुणाला कोणती जमीन दिली त्याचा कागद. ती जमीन कसणारा काय खायचा, मेल्यावर त्याला जाळायचे की पुरायचे, हे त्यात कुठून असणार? त्यासाठी उकरावं लागतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांमागचं शेतकऱ्यांचं गाव, लिहिलेलं एक अक्षर नाही. तरी कळलं की लहान मूल गेलं तर दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसाला पुरताना घोट्यापासून पाय तोडत. मेलेल्याने परत येऊ नये म्हणून, असं अभ्यासक म्हणतात.

आपल्या भागाचा असा इतिहास मला हवाय. आणि सापडलेल्या वस्तूंचा अर्थ लावायचा तर जिवंत माणसांच्या चालीरीती जाणणारा मानववंशशास्त्रज्ञही सोबत हवा. नुसत्या शिलालेखांवर भांडणं आता पुरे.

निवृत्त मास्तर
शिलालेखाला इतकं हिणवू नका हो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर घ्या. १२०४ साल, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, बांधणारा त्याचा मंत्री बीचिराज. हे लेखावरून कळलं, आणि तो लेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नुसतं छतातलं कमळ बघत बसला असतात तर जन्मात कळलं नसतं.

दुसरं, इनामगावचं. पाय तोडत, हा पुरावा. 'परत येऊ नये म्हणून' हा कयास. आजच्या भुताखेतांच्या समजुती तुम्ही तीन हजार वर्षं मागे ढकलता आणि त्याला शास्त्र म्हणता.

वीरगळाचंच बघा. खालच्या चौकटीत लढाई, कधी बाजूला गुरं, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. लढून मेलेल्या माणसाचा दगड, लख्ख दिसतोय. आता गावात जाऊन विचारा. कुणी म्हसोबा म्हणेल, कुणी नुसताच 'देव'. शेंदराच्या थरांखाली तलवारसुद्धा दिसेनाशी झालेली असते. तिथे तुमच्या मानववंशशास्त्रज्ञाने गावकऱ्यांची मुलाखत घेतली तर त्याच्या वहीत काय जाईल? म्हसोबा!

निपाणीचा नाना
सगळं खरं. पण २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा आहे, तिथे तुमचे रांजण चालणार आहेत काय?

खानापुरी
नाना, चालू नयेतच. घटप्रभा आणि मलप्रभेच्या खोऱ्यांत दगडी हत्यारं सापडली आहेत, एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्रूस फूटने नोंद केली. ती घडवणाऱ्याचं मत कोणत्या राज्याच्या खात्यात टाकायचं ते तुम्हीच सांगा.

शहापूरची सून
मास्तर, वीरगळाचं तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण ते तुमच्यावरच उलटतं. गाव विसरलं ते नाव. दगड सोडला नाही ना? त्याला शेंदूर कोण लावतं, पहिला नारळ कुणाच्या हातचा, जत्रेत मान कुठल्या घराण्याचा, हे विचारणाऱ्याला वेगळीच उत्तरं मिळतात. मानासाठी माणसं आजही पोलीस स्टेशनपर्यंत जातात. जुना हक्क असा सहजी सुटत नाही.

माझं माहेर अथणीकडचं, कुलदैवत मंगसुळीचा खंडोबा. आमच्या पंगतीत शेजारी बसलेलं कुटुंब कन्नड बोलणारं. भंडारा तोच, देव तोच, ते त्याला मैलार म्हणतात. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या बघा. गुंथर सोंथायमर नावाचा जर्मन अभ्यासक धनगरांच्या ओव्या गोळा करत फिरला. बिरोबा-खंडोबाच्या मागे लागला, तो या सीमेच्या दोन्ही बाजूंना पोचला. मेंढरांना चराई कुठे मिळते त्यावरून धनगरांची वाट ठरायची, राज्याची कमान काल-परवाची. हे कुठल्या ताम्रपटात सापडणार?

निवृत्त मास्तर
ताई, मानाचं पटलं. पण आजचा मान बाराव्या शतकापासूनचा की दीडशे वर्षांपूर्वी कुणा देसायाने दिलेला, हे मुलाखतीत कसं कळणार? इथे दप्तरच काढावं लागतं, म्हणजे परत लेखी पुरावाच. आणि 'दोन्हीकडे एकच देव' यावरून लोक एक होते असंही सिद्ध होत नाही. देव फिरतात. भक्त बदलतात.

शहापूरची सून
एक होते असं मी म्हटलंच नाही. शेजारी होते, एवढंच म्हणतेय. तुमच्या शिलालेखांत शेजारी कुठे दिसतात?

वडगावकर
तुमचं चालू दे. इथे बेळगावात वडगाव-माधवपूरला सातवाहनांच्या वेळचं गाव निघालं, धारवाडच्या विद्यापीठाने खणलं होतं, त्यावर आम्ही घरं बांधून बसलोय की! माग चालतोय तिथेच. शेजारी पाया काढताना काळी-तांबडी खापरं निघालीत. गवंडी म्हणतोय भरावात टाकूया. काय करू?

खानापुरी
अजिबात टाकू देऊ नका! पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि धुऊ नका, आतल्या बाजूला चिकटलेलं असतं त्यावरूनच काय शिजायचं ते कळू शकतं.

निवृत्त मास्तर
सर्वात आधी खोली लिहून ठेवा. किती फुटांवर, कुठल्या रंगाच्या मातीत, सोबत काय होतं. थरातून सुटलेलं खापर म्हणजे पान फाडून आणलेली ओळ. कोळसा दिसला तर हात लावू नका, कार्बन-१४ ने वय काढायला लागतो. फोटोत बाजूला फूटपट्टी ठेवा.

निपाणीचा नाना
आणि खापर मराठी की कन्नड ते फोटोखाली लिहा.

वडगावकर
नाना, गप्प बसा. गवंड्याला थांबवलंय. मालक कुरकुरतोय, दिवसाची मजुरी कोण देणार म्हणून. त्याचं काय सांगू?